आप्पांचं उसनं नाक

आप्पांचे हात कोपरापर्यंत निळे होते, आणि त्या हातांनी ते सडके कंद माझ्या नाकापुढे धरत. लग्न होऊन मी सुरतेत डिंडोलीला आले त्याच आठवड्यात हे सुरू झालं. मी दारात भांडी घासत होते. शेजारच्या खोलीतला एक उंच, वाकलेला म्हातारा टोपली घेऊन समोर उकिडवा बसला, त्यातला कांद्याएवढा कंद उचलून त्यानं माझ्या तोंडाजवळ आणला आणि म्हणाला, "हाऊ सडी गया का, सांग बरं माय." कंदाच्या बुडाशी काळपट चिकट पाणी सुटलं होतं आणि ते त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. सडक्या कांद्याचा वास मला घरचा होता, पण हा त्याहून वाईट होता. त्यात तुंबलेल्या मोरीचाही वास मिसळलेला. मला उमासा आला. आप्पांनी समाधानानं मान हलवली, "गेला म्हणायचा," असं म्हणून तो कंद बाजूला टाकला आणि दुसरा उचलला.

सासूबाईंनी मला आत बोलावून समजावलं, की आप्पांना वास येत नाही. सचिन गावच्या, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये रंग घोळण्याच्या खात्यात ते पंधरा-सोळा वर्षं उभे राहत आले होते. तिथल्या वाफेनं त्यांचं नाक हळूहळू गेलं, इतकं हळू की त्यांनाही कळलं नाही. एक दिवस खोलीत दूध करपून पातेलं काळं झालं आणि हे शेजारी बसून विडी ओढत होते, तेव्हा उमगलं. बायको आधीच वारली होती. मुलगा धुळ्याला नोकरीला. "एकटे आहेत, कंद हुंगून द्यायला काय जातं तुझं?" सासूबाई म्हणाल्या. आप्पा आमच्याच तालुक्यातले, सासऱ्यांच्या बरोबरीनं सुरतेला आलेले, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आम्ही सगळे आपसांत अहिराणीच बोलायचो. इथं मी ते बोलणं बरंचसं साध्या मराठीत उतरवते आहे.

मुळात मी फार किळसणारी. माहेरीही आई म्हणायची, हिचं नाक कुत्र्याचं आहे. सुरतेत आल्यावर तर मला श्वास घेणंच नको झालं. आमच्या वस्तीमागच्या खाडीचं पाणी त्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालला असेल त्या रंगाचं असायचं आणि उन्हं वर आली की त्याला फेस यायचा. नळाच्या पाण्याला गंजाचा वास, नवऱ्याच्या शर्टाला लूमच्या तेलाचा वास, शेजारच्या गोडादऱ्याकडून येणाऱ्या वाऱ्याला नेमका कसला ते आजही सांगता येणार नाही. आणि या सगळ्यावर आप्पांची टोपली.

ते कंद आफ्रिकेतले होते. आप्पा रविवारी तापीपलीकडे रांदेरला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरची बाग बघायला जात. त्या बाईंना सगळे दादी म्हणत. त्यांच्या भावाचं कुटुंब तीन पिढ्या डर्बनला. भावाच्या सुनेनं एकदा येताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांमध्ये तिकडच्या फुलांचे कंद आणले. दादींना आता गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. त्यांनी पिशवी आप्पांच्या हातात दिली आणि सांगितलं, "आ तो डर्बनना कांदा छे, वावी जो." म्हणजे हे डर्बनचे कांदे, लावून बघ. तेव्हापासून वस्तीत त्यांचं नाव कांदेवाले आप्पा पडलं.

मी एकदा चिडून विचारलं होतं, "आप्पा, मोगरा लावा ना, झेंडू लावा. हे काय धरून बसलात?" ते निवडत होते, मान वर न करता म्हणाले, "मोगरा लावला की जो तो येतो आणि म्हणतो, काय वास आहे. मी नुसता बघत बसतो. या फुलांचा वास कसा असतो ते इथं कुणालाच माहीत नाही. माझ्यासारखेच सगळे." मी हातातलं काम बाजूला ठेवून टोपली पुढे ओढली. पण पुढचा कंद हुंगताना तोंड वाकडं व्हायचं ते झालंच.

कंदांचं काम बारा महिने असे. काही कंद थंडीत वाढत आणि पावसाळ्यात झोपत, काही उन्हाळ्यात उठत आणि थंडीत झोपत. झोपलेला कंद कोरडा ठेवावा लागतो, आणि सुरतेच्या हवेत कोरडं असं काही राहत नाही. म्हणून दर आठ दिवसांनी हुंगणं. कुजायला लागलेला कंद डोळ्यांना चांगला दिसतो, बोटाला टणक लागतो, पण नाकाला आधी कळतो, हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. एका टोपलीत एक कुजला की सगळी टोपली जाते. रांदेरहून आलेले चाळीसेक कंद पहिल्या पावसाळ्यात निम्म्यावर आले होते, ते याच कारणानं. मी आल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत फक्त तीन गेले. आप्पा हे सगळ्यांना सांगत. वर म्हणत, "हिला किळस येते ना, म्हणून. ज्याला किळस येत नाही त्याचं नाक काय कामाचं?"

कुंड्या म्हणजे रंगाचे प्लास्टिकचे डबे अर्धे कापून केलेले. त्यात तापीची वाळू, विटांचा चुरा, आणि हाडांची भुकटी. ही भुकटी ते पोत्यानं आणत आणि निळ्या हातांनी कणीक मळावी तशी मातीत मळत. कंदांवर पिठ्या ढेकूण बसले, की ते पांढरे लिबलिबीत किडे ते नखानं चिरडत आणि हात धोतराला पुसत. फुलोऱ्याच्या आधी मासळीबाजारातून मासे धुतलेलं पाणी डबाभर आणून घालत. ते पाणी घालायच्या दिवशी मी खिडकी लावून, नाकाला पदर बांधून स्वयंपाक करी. त्यांना वाटे मला सर्दी झालीये. आल्याचा तुकडा आणून देत.

माझ्या सुरतेतल्या पहिल्या पावसाळ्यातली एक गोष्ट. आप्पा टोपली घेऊन आले. मी पहिला कंद हुंगला, सडका म्हटलं. दुसरा सडका. तिसराही. अकराच्या अकरा कंद मी सडके सांगितले आणि मोरीकडे धावले. आप्पांनी एक कंद सुरीनं मधोमध कापला. आत पांढराशुभ्र. दुसरा कापला, तोही तसाच. त्यांनी उरलेले परत टोपलीत ठेवले, सासूबाईंकडे गेले आणि म्हणाले, "सूनबाईला दवाखान्यात घेऊन जा. कांदे ठीक आहेत." माझ्या मुलीची चाहूल अशी आधी त्यांना लागली. त्यानंतरचे पाच महिने टोपली आमच्या दारात आली नाही. ते रोज कंद स्वतःच दाबून बघत आणि त्या वर्षी त्यांचे बरेच गेले, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत.

मुलगी सहा महिन्यांची असताना प्लेग आला. लोकांनी उधन्याचं स्टेशन गाठलं आणि मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळाले. आम्हीही पळालो. आप्पा राहिले. महिन्याभरानं परत आलो तेव्हा शहर कधी नव्हे इतकं झाडलेलं होतं आणि सगळीकडे पांढऱ्या औषधी पावडरीच्या रेघा होत्या. आप्पा दारात बसून टोपली निवडत होते. "आलीस?" म्हणाले, आणि एक कंद पुढे केला. मी प्रवासानं थकलेले, मुलगी कडेवर, तरी हुंगला. चांगला होता.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती घटना घडली, जी मला आजही स्वतःची शिसारी आणते.

दादींनी दिलेल्यात एक मोठा कंद होता, नारळाच्या करवंटीएवढा. तो तीन वर्षं नुसती पानं देत होता. त्या जुलैत त्याच्यातून जांभळ्या ठिपक्यांचा जाड दांडा वर आला, त्याला अननसासारखा शेंडीचा झुबका, आणि खाली हिरवट फुलं, प्रत्येक पाकळीला जांभळी किनार. आप्पा मिलमधून आले की आधी त्याच्यापुढे बसत, मग चहा. एका सकाळी खालची चार फुलं उमलली. आप्पा तो डबा छातीशी धरून आमच्या दारात आले. दाढी केलेली होती, सदरा धुतलेला. ते उंबऱ्याबाहेर होते तेव्हाच तो वास माझ्यापर्यंत आला. मेलेल्या उंदराचा.

"सूनबाई," ते म्हणाले, "सांग."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एरवी मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. सडलेल्याला सडलेलंच म्हटलं होतं. पण त्या सकाळी मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "गोड आहे, आप्पा. आंब्याच्या मोहरासारखा."

त्यांनी डोळे मिटले. "मोहर," ते म्हणाले. मग डबा तसाच उचलून गल्लीत गेले, आणि भेटेल त्याला सांगू लागले, आफ्रिकेच्या फुलाला आपल्या मोहराचा वास आहे. लोक घाईत होते, चार फुलांचा वास मोकळ्या हवेत फारसा लागलाही नसेल. सगळी फुलं उमलली की रविवारी दादींकडे न्यायचं त्यांनी ठरवलं. तोवर पावसानं आणि शेळ्यांनी खराब होऊ नये म्हणून डबा खोलीत ठेवला, खिडकी लावली, कुलूप घातलं आणि पाळीवर गेले.

तिसऱ्या दिवशी सगळा दांडा उमलला होता. दुपारपर्यंत गल्लीभर वास पसरला. प्लेगला अजून वर्षही झालं नव्हतं. मेलेला उंदीर हे दोन शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं, तिथं सगळ्यांच्या नाकात तोच वास. लोकांनी माळे उपसले, गटारावरच्या फरश्या उचलल्या, धान्याच्या कोठ्या सरकवल्या. समोरच्या घरातल्या बाईनं मुलांना शाळेतून परत आणलं आणि कपडे बांधायला घेतले. माझे सासरे पावडर आणायला धावले. सासूबाई माझ्या मुलीला पोटाशी धरून कोपऱ्यात बसल्या होत्या. आणि मी, जिला नेमकं माहीत होतं, पाटावर बसून तांदूळ निवडत होते. अजून सांगावं, आता सांगावं, असं करत मी तासभर घालवला. सांगितलं असतं तर मोहराचं खोटंही कबूल करावं लागलं असतं.

शेवटी वास आप्पांच्या दाराशी सगळ्यांत जास्त आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. चार जणांनी कुलूप तोडलं. आत डबा होता आणि त्या फुलांवर हिरव्या माश्या अशा बसलेल्या, की फूल दिसत नव्हतं. कुणाला ते फूल आहे असं वाटलंच नाही. टोपल्यांखाली उंदीर असणार म्हणून त्यांनी टोपल्या पालथ्या केल्या, कंद गल्लीत लोटले, पायाखाली तुडवले, सगळ्यावर पावडर ओतली. दांडा मोडून डबा गटारात टाकला. गटारात पडल्यावर वास थोडा कमी झाला आणि मग एक जण म्हणाला, "अरे, या फुलालाच घाण येत होती." काही हसले. एक जण थुंकला. मी दारात उभी राहून पाहत होते.

आप्पा संध्याकाळी सायकलवरून आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं, दोघातिघांनी एकदम, जरा ओशाळून. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, चुकीचं ऐकू आलं की माणूस बघतो तसं. "मोहर ना?" ते म्हणाले. मी खाली पाहिलं. ते गटारात उतरले, निळे हात त्या काळ्या चिखलात खांद्यापर्यंत घालून त्यांनी तो मोठा कंद शोधून काढला, मग गल्लीतले एकेक. मला बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी दारात बसून ते अंगठ्यानं दाबून दाबून कंद निवडत होते. मी पाहत होते की ते चुकतायत, चांगला टाकतायत, वाईट ठेवतायत. आमच्या दाराकडे त्यांनी मान वळवली नाही.

असे दीड-दोन महिने गेले. टोपल्या रिकाम्या होत चालल्या होत्या. एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले आणि खाली बसले. मी म्हटलं, "आप्पा, माझं चुकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले."

त्यांनी विडीची राख झटकली. मग म्हणाले, "घाण वास आहे म्हणाली असतीस तर मी वर धाब्यावर, उघड्या हवेत ठेवलं असतं. एवढंच झालं असतं. फूल टाकलं थोडंच असतं?" विडी विझवून म्हणाले, "मी तीन दिवस सगळ्यांना मोहर मोहर सांगत फिरलो. लोक मला वेडा समजले असतील. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला खूश करावं. पण माय, मन्हं नाक मरी गयं. तू सांगशील तेच माझ्यासाठी खरं." मला रडू आलं. त्यांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि पायानंच टोपली माझ्याकडे सरकवली.

त्या गटारातून काढलेल्या कंदाला पुन्हा फूल यायला दोन वर्षं लागली. या वेळी डबा धाब्यावर, वाऱ्यात. आप्पांनी मला वर बोलावलं. मुलीला खालीच ठेवून मी गेले. माश्या आधीच जमल्या होत्या. "आता नीट सांग," ते म्हणाले. "सगळं सांग."

मी पदर बाजूला केला आणि नाक त्या फुलांच्या आत घातलं. एका माशीनं ओठाला स्पर्श केला. मी श्वास घेतला आणि सांगू लागले. उंदीर आहे, आप्पा. मेलेला, तीन दिवसांचा. उघड्यावरचा नाही, कोठीखाली मेलेला, जिथं ओल असते. त्याच्यात भिजलेल्या चामड्याचा वास. मागून खाटकाच्या दुकानापुढच्या पाण्याचा. आणि अगदी शेवटी किंचित गोड, पण त्या गोडपणानंच जास्त मळमळतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी मी पुन्हा हुंगलं आणि पुन्हा सांगितलं.

आप्पा भिंतीला टेकून ऐकत होते. "कोठीखालचा," ते म्हणाले. "थांब. थांब जरा." त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "आमच्या गावी कोठी सरकवली होती. आईनं नाकाला पदर लावला होता, आणि मला म्हणाली, शेपटीला धरून बाहेर टाक. मी सहा-सात वर्षांचा." ते हसले. "आला. वास आला मला. बारा वर्षांनी आला." मी धाब्याच्या कडेला जाऊन ओकले. ते मागून पाण्याचा तांब्या घेऊन आले, अजून हसतच.

पुढच्या वर्षी त्यांच्या खात्यातले जुने लोक कमी केले आणि आप्पा धुळ्याला मुलाकडे गेले. कंद बरोबर नेले. दोन-तीन पत्रं आली, मुलाच्या अक्षरात, कंदांबद्दल. मग बंद झाली. मी माहेरी गेले असता वाट वाकडी करून धुळ्याला उतरले. मुलानं दार उघडलं, चहा विचारला, आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवून स्वतः बाहेरच थांबला. सूनही आत आली नाही.

आप्पा खाटेवर होते. फुप्फुसांचं दुखणं म्हणे, उठणं बंद झालेलं. पार वाळले होते, हातांचा निळा रंग मात्र तसाच, सुरकुत्यांत बसलेला. मी दारातच क्षणभर थांबले, आणि त्यांनी ते पाहिलं.

"बस," ते म्हणाले. "इथं कुणी बसत नाही. जेवणाचं ताट ठेवतात आणि जातात. पोरगा दारातून बोलतो. मी विचारतो, काय झालं, तर म्हणतो, काही नाही, बाबा." ते थोडं थांबले, श्वास जमवला. "मला वास येतोय का गं? कसला येतो?"

मी खाटेच्या कडेला बसले. जवळ वाकले आणि हुंगलं. मग सांगितलं. लघवीचा आहे, आप्पा, गादीत मुरलेला. औषधाचा कडवट. केसांना घामाचा. आणि पाठीकडून जखमेचा आहे, तिथं चिघळलंय काहीतरी. ते पडून ऐकत होते. मी काही वगळलं नाही.

"हां," ते म्हणाले. "म्हणून."

मी पदर खोचला, त्यांच्या मुलाला आत हाक मारली, आणि पाणी तापत ठेवायला गेले.